मागाल तेव्हां शक्ति : मोठ्या संगणकांचे प्रोसेसर आणि त्यांचे परवाने

ता. १३ मे २०२५ रोजीं दुपारीं एक वाजतां आपल्या राज्याच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल जाहीर झाला. त्या घटकेस मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत किती घरांत एकच पान उघडण्याची खटपट चालली असेल, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. निकालाचें पान पुरविणाऱ्या संगणकाकडे आदल्या दिवशीं कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. आणि निकालाच्या दिवशीं एकाच मिनिटास लाखों मुलें, त्यांचे आईबाप, मामा-मावश्या आणि शेजारी त्याच्या दारांत येऊन उभीं राहतात. संध्याकाळपर्यंत ही गर्दी ओसरते. मग प्रश्न असा उभा राहतो कीं, असा संगणक घ्यावयाचा तो केवढा घ्यावा? त्या एका तासास पुरेल एवढा घेतला तर वर्षाचे उरलेले दिवस तो रिकामा बसणार. आणि एरवींच्या कामापुरता घेतला तर नेमक्या त्या तासास तो कोलमडणार.

हा प्रश्न उपनगरांतील रहिवाशांस नवा नाहीं. सकाळीं अंधेरीच्या फलाटावर पाय ठेवावयास जागा नसते, म्हणून रेल्वेस पुष्कळ गाड्या बाळगाव्या लागतात. आणि दुपारीं त्यांतील कित्येक गाड्या कांदिवलीच्या किंवा कुर्ल्याच्या कारशेडमध्यें उभ्या असतात. उभ्या असलेल्या गाडीचाहि पैसा पडलेलाच असतो. फरक इतकाच कीं, दुपारच्या गाडीचें भाडें रेल्वेनें कारखानदारास रोज द्यावें असा करार कोणी केलेला नाहीं. संगणकांच्या व्यापारांत मात्र तसला, किंबहुना त्याच्या उलट दिशेचा, करार फार दिवसांपासून रूढ आहे. त्याचेंच थोडें विवेचन आम्ही येथें करणार आहोंत.

गर्दी केवढी असूं शकते याचें एक माप आपल्या जिल्ह्यांतच सांपडतें. वांद्र्याच्या कुर्ला संकुलांत राष्ट्रीय शेअर बाजाराचें, म्हणजे एन. एस. ई. चें, ठाणें आहे. लोकसभेच्या निवडणुकीची मतमोजणी ४ जून २०२४ रोजीं झाली. दुसऱ्या दिवशीं, ५ जूनला, ६ तास १५ मिनिटांच्या कामकाजांत त्या बाजाराच्या यंत्रांनीं १,९७१ कोटि मागण्या स्वीकारल्या आणि २८.५५ कोटि सौदे पुरे केले, असें बाजारानें जाहीर केलें. विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा : दर सेकंदास सरासरीनें सुमारें ८ लक्ष ७६ हजार मागण्या होतात. आणि ही झाली सरासरी. सकाळीं बाजार उघडतांना व दुपारीं बंद होतांना लोंढा याहून मोठा असणार हें उघड आहे.

आतां संगणकाच्या पोटांत डोकावूं. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेब करणारा अवयव. घरच्या संगणकांत तो एकच तबकडी असतो आणि तिच्यांत चार-आठ गाभे, ज्यांस कारागीर 'कोअर' म्हणतात, ते असतात. बँका, विमा कंपन्या व रेल्वे यांच्याकडील मोठ्या सर्व्हरांत असे शेंकडों कोअर असूं शकतात. (बोलतांना पुष्कळ जण कोअरलाच प्रोसेसर म्हणतात, पुढें आम्हीहि तसेंच म्हणूं.) असा सर्व्हर जेव्हां दारीं येतो तेव्हां त्यांत गिऱ्हाइकानें पैसे दिले त्याहून अधिक प्रोसेसर बसविलेले असतात. सोळा बसविलेले, आठांचे पैसे भरलेले. उरलेले आठ त्याच पेटींत, त्याच विजेवर, परंतु निजलेले. त्यांस जागें करावयाचें तर कारखानदाराकडून अंक-अक्षरांची एक लांब किल्ली घ्यावी लागते. ती यंत्राच्या नियंत्रण-पडद्यावर टंकित केली कीं प्रोसेसर उठून कामास लागतो. यंत्र बंद करावें लागत नाहीं, कोणी स्क्रू सैल करीत नाहीं, मालमोटार येत नाहीं. या व्यवस्थेस 'कपॅसिटी ऑन डिमांड' असें नांव आहे. 'मागाल तेव्हां शक्ति' असें तिचें भाषांतर आम्ही करतों. १९९९-२००० च्या सुमारास आयबीएम व ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनीं ती आपापल्या मोठ्या सर्व्हरांत आणली.

मात्र तिचें मूळ त्याहून जुनें आहे. १९६१ सालीं मुंबईंत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएमचा १४०१ हा संगणक आला. त्या काळीं हीं यंत्रें बहुधा विकत न देतां भाड्यानें देत. पुढें १९६४ सालीं निघालेल्या सिस्टिम-३६० या यंत्रांवर तर विजेच्या मीटरासारखा काळमापक बसविलेला असे. मूळ भाड्यांत महिन्याचे १७६ तास धरलेले असत, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणें बावीस दिवस. त्याहून अधिक चालविलें तर जास्तीचा आकार पडे. गंमत अशी कीं त्या मीटरास दोन कुलपें असत : दुरुस्तीस आलेला मिस्त्री आपल्या किल्लीनें दुसरा मीटर चालू करी, म्हणजे दुरुस्तीचे तास गिऱ्हाइकाच्या माथीं पडत नसत. एवढा प्रामाणिकपणा त्या हिशेबांत होता. परकीय चलन नियंत्रणाच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणें आपला हिस्सा कमी करण्यास राजी नसल्यामुळें १९७८ सालीं ती कंपनी भारतांतून निघून गेली आणि उदारीकरणानंतर पुन्हां आली. पण 'यंत्र तुमच्या घरांत, शक्ति आमच्या हिशेबांत' ही कल्पना तिनें सोडली नाहीं.

पूर्वीं यंत्राचा वेग वाढवावयाचा असेल तर कंपनीचा मनुष्य येई, कांहीं तरी फिरवी आणि निघून जाई; आणि यंत्र जलद चालूं लागे. विनोदी लोक त्याच्या हत्यारास 'सोन्याचा पेचकस' म्हणत. आजहि आयबीएमच्या 'मेनफ्रेम' यंत्रांत एकच प्रोसेसर निरनिराळ्या गतीस बांधून विकतात. इतकेंच नव्हे, तर फक्त लिनक्स चालविण्यासाठीं दिलेला प्रोसेसर स्वस्त आणि सर्व कामें करणारा महाग, असा भेदहि २००० सालापासून आहे. दोन्ही एकाच साच्याचे. लोकलच्या पहिल्या वर्गाचा डबा आणि दुसऱ्या वर्गाचा डबा एकाच वेळीं चर्चगेटला पोंचतात, तसाच हा प्रकार समजावा.

निजलेले प्रोसेसर जागे करण्याचे मार्ग मुख्यतः चार. कायमचे विकत घेणें हा सर्वांत सोपा. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं. दुसरा, महिनाभर फुकट वापरून पाहण्याचा. यांतील हेतु वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल. तिसरा रोजच्या भाड्याचा, आणि चौथा आपत्काळाचा. शेवटच्या दोहोंचा विचार विस्तारानें केला पाहिजे.

रोजच्या भाड्यांत हिशेबाचें माप 'प्रोसेसर-दिवस' हें असतें. चार प्रोसेसर तीन दिवस वापरले तर बारा प्रोसेसर-दिवस झाले. दिवस म्हणजे प्रोसेसर जागा केल्यापासून चोवीस तास. त्यांत एक तास काम करून तेवीस तास तो रिकामा बसला तरी आकार पुऱ्या दिवसाचा. आणि खरा खळगा पुढें आहे. मागितलेले दिवस संपले म्हणून प्रोसेसर आपोआप निजत नाहीं. ज्या कामाकडे तो दिला त्याच्याकडून व्यवस्थापकानें तो काढून परत करावयाचा असतो. तो परत केला नाहीं तर यंत्र त्याची 'न परतलेला' म्हणून नोंद करतें आणि दिवसामागून दिवस आकार चढत राहतो. ग्रंथालयाचें पुस्तक वेळेवर परत न करणाऱ्या विद्यार्थ्यांस हा नियम लवकर समजेल. म्हणून जाणते व्यवस्थापक जागें करण्याची आज्ञा लिहितांनाच निजविण्याची वेळहि त्याच कागदावर लिहितात व तीस एका मनुष्याचें नांव जोडतात. 'कोणी तरी करील' असें ठेवीत नाहींत.

आपत्काळाचा मार्ग आपल्या शहरास जवळचा आहे. २६ जुलै २००५ च्या पावसांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशीं उपनगरें कशीं बुडालीं हें पालकांस आठवत असेल. जीं कामें थांबूं नयेत तीं करणारा सर्व्हर एकाच ठिकाणीं ठेवणें किती धोक्याचें, हें त्यावरून दिसतें. म्हणून दुसऱ्या दूरच्या शहरीं जोडीचा सर्व्हर ठेवतात. तेथें रोजचें काम थोडें, म्हणून बहुतेक प्रोसेसर निजलेले. त्यांचा दरहि कमी. मुख्य ठिकाण बंद पडलें कीं ते जागे करावयाचे. आयबीएमच्या मेनफ्रेमच्या अशा करारांत तालमीसाठीं दहा दिवस आणि खऱ्या संकटांत नव्वद दिवस अशी मुदत असते. तालीम शब्द आम्ही मुद्दाम वापरला. प्रोसेसर निजलेले असूनहि जागे करावे कीं नाहीं या विचारांतच वेळ जातो, असें अनुभवास येतें. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं एन. एस. ई. चे व्यवहार सकाळीं ११.४० च्या सुमारास थांबले ते दुपारीं ३.४५ ला पुन्हां सुरू झाले. त्या दिवशीं कारण प्रोसेसरांची टंचाई हें नव्हतें. दूरसंचाराचे दुवे बिघडले होते. परंतु काम दुसऱ्या ठिकाणीं हलविलें गेलें नाहीं, यावर पुष्कळ चर्चा झाली. पुढच्याच महिन्यांत सेबीनें नियम घातला कीं, घटना घडल्यापासून अर्ध्या तासांत आपत्ति जाहीर करावी आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत काम पुन्हां चालू व्हावें.

येथवर प्रोसेसरांची गोष्ट झाली. आतां परवान्यांची, आणि आमच्या मतें खरी अडचण हीच आहे.

संगणक नुसत्या प्रोसेसरांवर चालत नाहीं. त्यावर खातीं सांभाळणारें सॉफ्टवेअर, म्हणजे डेटाबेस, बहुधा दुसऱ्याच कंपनीचें असतें. आणि ती कंपनी आपली किंमत प्रोसेसर मोजून लावते. तिचें मोजण्याचें माप सर्व्हर-कारखानदाराच्या मापाशीं जुळत नाहीं. एक उदाहरण घेऊं. समजा, उपनगरांतील एका सहकारी बँकेचा सोळा प्रोसेसरांचा आयबीएम पॉवर जातीचा सर्व्हर आहे. आठ जागे, आठ निजलेले. डेटाबेस ऑरॅकलचा, त्याचे परवाने आठ. ३१ मार्च जवळ आला, व्याजाची आकारणी, वर्षअखेरचे ताळेबंद; म्हणून व्यवस्थापकानें तीन दिवसांकरितां चार प्रोसेसर भाड्यानें उठविले. बारा प्रोसेसर-दिवसांचें भाडें बँकेस सोसण्यासारखें आहे. पण ते चार प्रोसेसर डेटाबेसच्या वाट्यास गेले, तर ऑरॅकलच्या नियमाप्रमाणें परवाने बारा लागतात. या जातीच्या यंत्रास एका कोअरामागें एक परवाना, तर इन्टेलच्या साध्या सर्व्हरास अर्धा, असें त्या कंपनीचें कोष्टक आहे. त्या डेटाबेसच्या मोठ्या आवृत्तीची छापील किंमत परवान्यामागें ४७,५०० डॉलर. चारांचे १,९०,००० डॉलर झाले. वर आधारसेवेचे दरसाल शेंकडा २२, म्हणजे ४१,८०० डॉलर. प्रत्यक्षांत घासाघीस होऊन किंमत उतरते हें खरें. तरी प्रोसेसर तीन दिवसांचा पाहुणा आणि त्याचा परवाना जन्मभराचा जांवई, ही विषमता घासाघिशीनें जात नाहीं.

ही रक्कम कोणाची? बँकेची म्हणावी तर बँकेस स्वतःचें असें फारच थोडें असतें. घाटकोपरच्या दुकानदाराची ठेव, मुलुंडच्या निवृत्त शिक्षकाचें व्याज, कोणा मुलाच्या फीसाठीं काढलेलें कर्ज, यांतूनच ती निघावयाची. म्हणून एका खोलींत बसून केलेली चार प्रोसेसरांची चूक खोलीबाहेर फार दूर जाते.

यांतून वाट नाहीं असें मात्र नाहीं. मोठ्या सर्व्हराच्या आंत भिंती घालून त्याचे भाग पाडतां येतात. एका इमारतींत निराळीं बिऱ्हाडें असतात तसे. पॉवर सर्व्हरावरील ज्या भागास प्रोसेसरांची कमाल मर्यादा पक्की बांधलेली आहे, त्या भागापुरतेच प्रोसेसर मोजण्यास ऑरॅकल मान्यता देते. तेव्हां डेटाबेसच्या बिऱ्हाडास आठांचें कुलूप घालावें, आणि नवे चार प्रोसेसर खातेउतारे छापण्याचें किंवा ज्याचा परवाना प्रोसेसरांवर अवलंबून नाहीं असें दुसरें काम करणाऱ्या बिऱ्हाडास द्यावे. परंतु व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरनें घातलेल्या भिंती ती कंपनी मानीत नाहीं. तेथें सबंध यंत्राचे, कित्येकदां त्याला जोडलेल्या शेजारच्या यंत्रांचेहि, सर्व कोअर मोजावे असा तिचा आग्रह असतो. भिंत एकच, पण कोणाच्या गवंड्यानें बांधली यावर तिची किंमत ठरते! आयबीएमची स्वतःची सॉफ्टवेअरें भिंती मानतात, पण अट घालतात : त्यांचें मोजणीचें साधन यंत्रावर बसविलें पाहिजे, दर तिमाहीस अहवाल काढला पाहिजे आणि तो दोन वर्षें जपून ठेवला पाहिजे. अहवाल नसेल तर सबंध यंत्राचा आकार. काम अगदीं कारकुनी आहे, आणि कारकुनी आहे म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतें.

मोजणीची याहून निराळी एक रीत मेनफ्रेमवर आहे. ती समजण्यास आपल्या विजेच्या बिलाचा उपयोग होईल. उपनगरांस वीज पुरविण्यासाठीं १९२९ सालीं बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. तिच्या क्षेत्राचा कारभार २०१८ पासून अदानी कंपनीकडे आहे, आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण वीज पुरवितें. घरगुती बिलांत मुख्यतः किती युनिटें जाळलीं तें पाहतात. पण कारखान्यासारख्या मोठ्या ग्राहकांस आणखी एक आकार असतो : महिन्यांत कोणत्या क्षणीं मागणी सर्वांत उंच चढली त्यावर. तो क्षण खरोखर क्षण नसून ठराविक मिनिटांची सरासरी असते, नाहीं तर पंखा सुरू होतांना बसणाऱ्या झटक्याचेहि पैसे द्यावे लागते. २००० सालीं आयबीएमनें झेड-९०० या मेनफ्रेमबरोबर सॉफ्टवेअरच्या भाड्यास असाच नियम लावला. दर वेळीं मागील चार तासांच्या वापराची सरासरी काढावयाची. ही सरासरी महिन्यांत जेथें सर्वांत उंच गेली तो आंकडा धरून सबंध महिन्याचें बिल.

गणित सोपें आहे. तीन तास वापर १०० आणि चौथ्या तासीं ५०० झाला, तर सरासरी २००. तेंच दोन तास ५०० राहिला तर ३००. म्हणजे एका तासाचा उंच डोंगर फारसा बाधत नाहीं. लांबलेलें पठार बाधतें. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, पगाराच्या दिवशींचीं भारी कामें एकाच सकाळीं पाठोपाठ लावूं नयेत. जें रात्रीं दोन वाजतां झालें तरी चालेल तें रात्रींच करावें, आणि सरासरीस एक कमाल मर्यादा घालून ठेवावी. ती गांठली कीं यंत्र आपोआप मंद होतें. मंद झालेल्या यंत्रापुढें पैसे काढण्यासाठीं उभें राहिलेलें माणूस काय म्हणेल, हाहि हिशेब धरावा लागतो. तो कोणत्याहि अहवालांत छापला जात नाहीं. २०१९ पासून वर्षाच्या एकूण वापरावर पैसे घेण्याचीहि योजना त्या कंपनीनें काढली आहे. तीत डोंगर-पठारांची चिंता कमी होते; पण एकूण वापर वाढला तर बिलहि वाढतें.

एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील, आणि तो रास्त आहे : पेटी आपण विकत घेतली, ती आपल्या घरांत आहे, मग तींतील प्रोसेसर वापरण्यास दुसऱ्याची परवानगी कां? कारखानदाराचें म्हणणें असें कीं, पेटीची किंमत आठ प्रोसेसरांचीच घेतली. बाकीचे आम्हीं आमच्या जोखमीवर तुमच्याकडे ठेवले. त्यांत तथ्य आहे. निजलेल्या प्रोसेसराचा एक फुकट लाभहि होतो : जागा प्रोसेसर बिघडूं लागला कीं पॉवर सर्व्हर निजलेल्यांपैकीं एकास त्याच्या जागीं उभा करतो, आणि त्याचे पैसे पडत नाहींत. तेव्हां यंत्राच्या बाबतींत आम्ही कारखानदारास दोष देत नाहीं. परवान्यांच्या बाबतींत मात्र आमचें मत तितकें अनुकूल नाहीं. जें माल देऊन संपत नाहीं, झिजत नाहीं, त्याची किंमत दुसऱ्याच्या यंत्रांतील कोअर मोजून घ्यावी, आणि वाढ मोजावी पण घट मोजूं नये, हा न्याय एकाच बाजूस झुकलेला आहे. म्हणूनच पोस्टग्रेससारखे मुक्त डेटाबेस, जे कोणाचे कोअर मोजीत नाहींत, त्यांजकडे पुष्कळ संस्था वळत आहेत. तेथेंहि जाणत्या माणसांचा पगार द्यावा लागतोच. पण तो माणसांस मिळतो.

दुसरी वाट म्हणजे यंत्र घरांत न ठेवतां दुसऱ्याच्या यंत्रशाळेंतील शक्ति घेणें, ज्यास 'क्लाउड' म्हणतात. ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबई विभाग उघडला. पुढच्या वर्षापासून त्या कंपनीकडे लिनक्सच्या यंत्राचें भाडें सेकंदांनीं मोजतात. निकालासारख्या एका दुपारच्या गर्दीस ही रीत चांगली. परंतु प्रोसेसर परत करण्याची जी आठवण वर सांगितली ती येथेंहि सुटत नाहीं, आणि डेटाबेसचा परवाना तेथेंहि पाठोपाठ येतो.

हीं कामें करणारीं माणसें आपल्याच आसपास राहतात. अंधेरीस १९७३ सालीं सीप्झ वसलें, चांदिवलींत यंत्रशाळा आहेत, मुलुंडचा पूल ओलांडला कीं ऐरोलीच्या. त्यांच्या महिन्याचें पंचांगहि निराळें असतें. मेनफ्रेमच्या वापराचा अहवाल महिन्याच्या २ तारखेपासून पुढील महिन्याच्या १ तारखेपर्यंतचा धरतात, आणि तो ९ तारखेपर्यंत पाठवावा लागतो. त्यामुळें बँकेंत वर्षअखेरची धांदल ३१ मार्चच्या रात्रीं संपली, तरी या मंडळींची ती १ एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत चालते : भाड्याचे प्रोसेसर एकेका बिऱ्हाडांतून काढून घ्यावयाचे, 'न परतलेले' या सदराखालीं शून्य आलें आहे ना तें पडद्यावर पाहावयाचें, आणि तो आंकडा वेळेसह वहींत टिपून ठेवावयाचा.